भागाबाईची बारी

पंचशीला काय काम करते, हे मंठाळमध्ये कुणाला नीट सांगता येत नसे. तिची आई भागाबाई विचारणाऱ्याला सांगायची, "कम्प्युटरात कुणाचं काम अर्धं राहू नये म्हणून बघती." लोक हसायचे. पंचशीलाला मात्र ते पटायचं. तिचं काम खरोखर तेच होतं.

हैदराबादला ती बँकांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत होती. एका खात्यातून रक्कम निघाली आणि दुसऱ्यात पोचलीच नाही, असं होता कामा नये. दोन्ही व्हावं, नाहीतर काहीच होऊ नये. मधेच वीज जावो, सर्वर बंद पडो. याला तिथे ट्रान्झॅक्शन म्हणत. पुरं झालं की कमिट. मधे मोडलं की रोलबॅक, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यासारखं. काही वर्षं तिने एवढंच सांभाळलं आणि चांगलं सांभाळलं.

मग वडील, पिराजी, गेले. शेत भागाबाईच्या एकटीच्या गळ्यात आलं. पंचशीलाने हैदराबाद सोडलं आणि बीदरला बस स्टँडच्या मागे एक खोली भाड्याने घेतली. दोन टेबलं, एक पंखा, खिडकीत तुळशीऐवजी राउटर. हैदराबादची थोडी कामं तिथूनच करायची आणि शनिवारी मंठाळची बस धरायची. घरात मराठी, शाळेत कन्नड, ऑफिसात तेलुगू, असा तिचा प्रवास झाला होता. ती कमी बोलायची. तिन्ही भाषांत कमी बोलायची.

हरिओम तिच्या मागच्या वर्गात होता. तो उद्धवरावांचा मुलगा. त्यांचं घर गावातल्या जुन्या शेतकऱ्यांपैकी. पिराजी उद्धवरावांना मालक म्हणत. पंचशीला त्यांना काका म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा उद्धवरावांनी वर पाहिलं होतं.

मंठाळच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. हरिओम तिचा कारभार बघायचा. कंपनीकडे सोयाबीन मळायची एक मशीन होती. हंगामाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून बाऱ्या ठरायच्या. कुणाची बारी आज, कुणाची उद्या. पण सोयाबीन चिठ्ठीप्रमाणे वाळत नाही. एकाचं आधी कापून होतं, एकाचं शेंगेतच हिरवं असतं. मग हॉटेलात चहावर बाऱ्यांची अदलाबदल व्हायची.

एका वर्षी ही अदलाबदल मधेच मोडली. माणिकप्पाने आपली बारी एकाला दिली. त्याने आपली तिसऱ्याला दिली. तिसऱ्याने आपली माणिकप्पाला द्यायची होती. ऐनवेळी तो फिरला. मशीन बांधावर आली, तेव्हा माणिकप्पा आणि तो तिसरा तिच्यासमोर आडवे उभे. माझी बारी, माझी बारी. ड्रायव्हरने थोडा वेळ ऐकलं आणि ट्रॅक्टरच्या सावलीत अंग टाकलं. मशीन दिवसभर फिरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी हरिओम बीदरला आला.

"अक्का, तुझ्या बँकेत आसं होतं का?"

"न्हाई होत."

"मग आमच्याकडंच कामून व्हायलंय?"

"तुमच्याकडं अर्धं झालं की झालं समजतेत."

"टोमणे मारू नको. कर की कायतरी."

तिने केलं. फोनवर चालणारं, मराठीत आणि कन्नडमध्ये. कुणाला कोणता दिवस सोयीचा, ते आधी सांगून ठेवायचं. कम्प्युटर ते सगळं पाहून जुळवणी सुचवणार. याची बारी त्याला, त्याची तिला, तिची याला. तिघं व्हय म्हणाले तर तिन्ही बाऱ्या एका दमात बदलतील. एक जरी न्हाई म्हणाला, तरी तिन्ही जागच्या जागी राहतील.

पहिली चूक तिची स्वतःची होती. बँकेत व्यवहार चालू असतो तेवढा वेळ त्या खात्यांना कुलूप लागतं. दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच कुलूप निघतं. तिने इथेही तसंच कुलूप लावलं. उद्धवरावांनी एक जुळवणी उघडली, विचार करतो म्हणाले आणि फोन खिशात घालून उदगीरला लग्नाला गेले. तिथे फोनची बॅटरी उतरली. इकडे त्यांच्या जुळवणीतल्या बाऱ्या अडकल्या. त्यांच्या मागे आणखी बाऱ्या अडकल्या. लोकांच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहिलं.

हरिओमचा फोन आला. "अक्का, बाप लगनात हाय आन गाव कुलपात हाय."

तिने कुलूप काढलं. बँकेत व्हय म्हणायला पापणी लवण्याइतका वेळ लागतो. मंठाळमध्ये सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लागतो. बायकोला विचारायचं असतं. पुण्याच्या भावाला फोन करायचा असतो. आभाळाकडे बघायचं असतं. एवढा वेळ कुलूप धरून बसता येत नाही. पण म्हणून माणसाला घाईही करता येत नाही.

तिने बोलणी वेगळी काढली. बोलणी बाजूला चालतील, खऱ्या बाऱ्यांना तोवर धक्का लागणार नाही. सगळ्यांचं व्हय आलं, की कम्प्युटर एकदा मागे वळून बघेल. बोलणी सुरू झाली तेव्हा बाऱ्या जिथे होत्या तिथेच आहेत ना? असतील तर सगळ्या एकदम बदलायच्या. नसतील तर बोलणी पुन्हा. दिवेलागणीपर्यंत उत्तर आलं नाही, तर हरिओमने घरी जाऊन विचारायचं. गप्प बसणं म्हणजे व्हयही नाही आणि न्हाईही नाही.

हे चाललं. तरी लोक बटन दाबेनात.

कारण हॉटेलात कळलं. कुणी व्हय म्हणालं, की ते बाकीच्यांना लगेच दिसायचं. मग चर्चा. माणिकप्पा आधी व्हय म्हणला, म्हंजे त्याचं सोयाबीन अजून कच्चं हाय. म्हंजे त्याला गरज हाय. म्हंजे त्याला अजून ताणता येतं. आणि कुणी न्हाई म्हणालं, तर ते न्हाई गावभर फिरून त्याच्या दारात परत यायचं. सोयरीक असो की शेजार, गावात न्हाई विसरत नाहीत. नातवंडांना सांगतात.

म्हणून तिने उत्तरं झाकली. सगळ्यांची येईपर्यंत कुणाचंच दिसणार नाही. जुळलं तर सगळ्यांना एकदम कळेल. नाही जुळलं तर फक्त एवढंच येईल, 'जुळलं न्हाई'. कुणामुळे, ते नाही. ती उत्तरं तिथल्या तिथे पुसली जातील.

शाळेच्या ओसरीवर कंपनीची बैठक झाली. पंचशीलाने उभं राहून हे सांगितलं. माणिकप्पा मागून म्हणाला, "कुनाला कळनार न्हाई, आन तुला?"

"मलाबी न्हाई."

"अन् तुझ्या मायला?" लोक हसले. भागाबाई बायकांच्या घोळक्यात बसली होती. तीही हसली.

"अण्णा," पंचशीला म्हणाली, "ज्याला न्हाई म्हणायला जागा न्हाई, त्याच्या व्हयचं काय करायचं? मी शब्द देते. कुणाचं न्हाई कुणाला कळणार न्हाई."

हरिओमने ते शेवटचं वाक्य मशीनच्या बाजूला पेंटरकडून रंगवून घेतलं. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. पेंटरने आपल्या मनाने दोन कमळं काढून दिली.

त्या हंगामात बटनं दाबली गेली. लोक न्हाई म्हणायला लागले, म्हणून व्हयही म्हणायला लागले.

पुढच्या हंगामात भागाबाईची वेळ आली.

तिचं सोयाबीन लवकर कापून झालं होतं. रानात उंचवट्यावर बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, रचून, वर ताडपत्री टाकून, कडेने दगड ठेवले होते. बारी मात्र लांबची निघाली होती. त्यातच परतीचा पाऊस येणार अशी बातमी आली. बनीम खालून भिजली तर दाणा काळा पडतो. काळा दाणा ना बियाण्याला चालतो, ना बाजारात.

कम्प्युटरने जुळवणी सुचवली. माणिकप्पाचं सोयाबीन अजून उभं होतं आणि बारी होती अगदी पुढची. त्याने ती भागाबाईला द्यावी. भागाबाईने आपली उद्धवरावांना द्यावी, त्यांचे मजूर औरादहून त्याच सुमारास येणार होते. उद्धवरावांनी आपली मधली बारी माणिकप्पाला द्यावी. तिघांचंही भलं. इतकी सरळ जुळवणी पंचशीलाने त्या हंगामात पाहिली नव्हती.

संध्याकाळी तिघांच्या फोनवर आलं, 'जुळलं न्हाई'.

कम्प्युटरने सकाळी तीच जुळवणी पुन्हा पुढे केली. संध्याकाळी पुन्हा तेच, 'जुळलं न्हाई'.

आता तिघांत कोण, याला गावाला कम्प्युटर लागत नव्हता. माणिकप्पा हॉटेलात उघड म्हणाला, "मी कामून न्हाई म्हनू? माझं रान हिरवं हाय." भागाबाई तर गरजवंत. उरलं कोण? बौद्धवाड्यात बोललं गेलं, उद्धवरावांनी भागाबाईची बारी मोडली. तिच्याशी बारी बदलायला त्यांचा हात धजला नाही. जुन्या गोष्टी निघाल्या. पिराजींना पाण्यासाठी विहिरीवर उभं ठेवलेलं निघालं. कुणीतरी ते फोनवरच्या ग्रुपात टाकलं. ग्रुपात सगळेच होते.

पंचशीलाने ते बीदरला वाचलं. तिलाही तेच वाटलं होतं. वाचायच्या आधीच वाटलं होतं.

हरिओम दुपारी आला. पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवला नाही.

"अक्का, बघ."

"काय बघू?"

"कुणाचं न्हाई हाय ते."

"पुसलंय."

"मला शिकवू नको. तूच सांगितलंस मागं. डेटाबेस काहीबी बदलायच्या आधी लॉगमधी लिहून ठिवतो. वीज गेली तर कामाला यावं म्हणून. पुसलेलंबी त्यात आसतं."

असतं. तो लॉग काही दिवस राहतो, मग आपोआप साफ होतो. पंचशीलाला हे त्याच्याआधी आठवलं होतं. कालपासून ती त्या फायलीच्या शेजारीच बसली होती. उघडायला दोन ओळी टाइप कराव्या लागल्या असत्या.

"समज बघितलं," ती म्हणाली. "मग?"

"मग काय. मायची बनीम भिजंल तुझ्या. माझा बाप आसंल तर मी त्याच्याशी बोलतो. घरात बोलतो. बाहेर न्हाई कळू देत."

"तू बोलशील. मग तुझ्या अप्पांना कळेल की आम्ही बघितलं."

"कळू दे."

"पुढच्या वेळी कोण दाबील बटन?"

हरिओमने ग्लास ठेवला. "तुझ्या शब्दापायी तुझ्या मायचा माल जायलाय," तो म्हणाला. "एवढं ध्यानात ठिव." तो गेला. पंचशीलाने स्क्रीन बंद केला. मग चालू केला. मग बंद करून खोलीला कुलूप लावलं आणि बस स्टँडवर जाऊन उगाच एक चहा घेतला.

पाऊस लागला. फार नाही, पण धरून. ती मंठाळला निघणार त्याच सकाळी दारात उद्धवराव उभे राहिले. टोपीतून पाणी गळत होतं. बीदरला ते कोर्टाच्या कामाशिवाय येत नसत.

"बसा काका."

"बसायला न्हाई आलो. माझं व्हय दाखव."

तिला कळायला क्षण लागला.

"मी व्हय म्हणलोय. दोनी येळेस. हरिओमची माय शकुबाई समोर होती, तवा बटन दाबलोय. तुझ्या त्या डब्यात आसंल. काढ. गावाला दाखव."

"काका, ते दाखवता येत न्हाई."

"बँकेत रक्कम टाकली तर पावती मिळती. शब्द टाकला तर पावती न्हाई?"

"तुमचं व्हय दाखवलं, तर दोघंच राहतेत. दोघांतल्या एकाचं न्हाई उघडं पडतं."

"पडू दे की. माणिकप्पाच आसंल तो."

"म्हणूनच."

उद्धवराव खुर्चीच्या काठावर बसले. "तुझ्या बापाला आमी विहिरीवर उभं ठिवलेलं हाय," ते म्हणाले. "ते खरं हाय. त्याचं बोलणं मी ऐकून घीन. पन हे मी केलं न्हाई. न केलेलं कामून माझ्या नावावर?"

झाकण तिने न्हाई म्हणणाऱ्याला वाचवायला केलं होतं. व्हय म्हणणाराही त्याच्याखाली गुदमरेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कोणत्याच चाचणीत ते आलं नव्हतं.

तिने चहा मागवला. ते चहा न पिता उठले. दारातून म्हणाले, "रविवारी बैठक हाय. मी येत न्हाई. हरिओमला सांग, कंपनीतून माझं नाव काढ म्हणावं."

मंठाळला पोचली तेव्हा भागाबाई रानात होती. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्याने उचललं होतं. ती त्यावर दगड ठेवत होती. पंचशीलाने दुसरं टोक धरलं. बनीमेच्या बुडात हात घातला. हाताला ओल लागली. तिने हात ओढणीला पुसला. पदराला हात पुसायची ही आईची सवय.

"उद्धवकाका आले होते ऑफिसात."

"कामून?"

"माझं व्हय दाखव म्हणले."

भागाबाईने दगड हातातच धरला. "दाखवलीस?"

"न्हाई."

"कामून?"

"त्यांचं दाखवलं तर दुसऱ्याचं दिसतं. रविवारी येत न्हाई म्हणले. कंपनी सोडायलेत."

भागाबाईने दगड ठेवला. नीट बसला नाही म्हणून फिरवून ठेवला. "हूं," म्हणाली. मग म्हणाली, "चल, भाकरी थापते."

रविवारी पावसाने उघडीप दिली. शाळेच्या ओसरीवर लोक जमले. उद्धवराव आले नव्हते, शकुबाई मात्र आली होती, पदर डोक्यावर ओढून, कुणाकडे न बघता. हरिओमने डिझेलचं सांगितलं, मशीनच्या पट्ट्याचं सांगितलं. मग कागद चाळत राहिला. पुढचा विषय बापाचं नाव काढण्याचा होता.

बायकांच्या घोळक्यातून भागाबाई उठली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "ते न्हाई माझं होतं."

कुणालाच नीट ऐकू गेल्यासारखं वाटलं नाही. माणिकप्पा म्हणाला, "काय म्हनली अक्का?"

"मी दाबलं न्हाईचं बटन. दोनी येळेस. उद्धवरावांनी न्हाई, माणिकप्पानी न्हाई. मी."

"बनीम तुझी भिजायली, आन न्हाई तू म्हनली?"

"व्हय."

"येडी का काय!"

"येडी तर येडी." भागाबाईने पदर खोचला. "तुमीच काय म्हणला होतात पयल्या बैठकीत? कुनाला कळनार न्हाई, आन हिच्या मायला? हसला होतात. मीबी हसले. मग मशीन सगळ्यात आधी माझ्या रानात आली आसती, तर काय म्हणला आसतात? पोरगी कम्प्युटरवर बसलीय, मायची बारी पुढं वडलीय. म्हणला आसतात का न्हाई? खरं सांगा."

माणिकप्पाने मान खाजवली.

"अगं पन," एक बाई म्हणाली, "मग आमच्या कानावर तरी घालायचं. वाड्यातली पोरं उद्धवरावांवर तोंड टाकायली होती."

"पोरीनं शब्द दिलता, कुनाचं न्हाई कुनाला कळनार न्हाई. मी तिच्यावर इस्वास ठिवला. गप बसले. पन तेच्या नावावर गेलं ते. हे मला दिसलं न्हाई. आता दिसलं." ती शकुबाईकडे वळली. "शकुबाई, घरी सांगा."

शकुबाईने पहिल्यांदा वर पाहिलं. "आठ दिस आमच्या मानसाला शिव्या खाऊ घातलीस, भागाबाई."

"व्हय."

"जेवला न्हाई नीट."

"शिव्यांनी पोट भरलं आसंल."

एक क्षण कुणाला कळेना काय करावं. मग शकुबाईच हसली, पदरात तोंड घालून. मग ओसरी हसली. हरिओम हसला नाही. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. पंचशीला खांबाला टेकून उभी होती. आपल्या आईबद्दल तिने हा विचारच केला नव्हता. तिघांतल्या दोघांचाच केला होता.

बैठक उठल्यावर हरिओम तिच्याजवळ आला. पायरीवर दोघे बसले.

"अक्का, एक विचारू? तुझी माय खरं बोलली का?"

"म्हणजे?"

"तू घरी जाऊन सांगितलंस, अप्पा आले होते म्हणून. त्याच्यानंतर उठली ती. झगडा मिटावा म्हणून आपल्या अंगावर घेतलं आसंल तर? माणिकप्पाचंबी आसंल न्हाई. नायतर आमच्या अप्पांचंच." तो चपलेने माती उकरत होता. "लॉग हाय अजून?"

"मंगळवारी साफ होतो."

"मग सोमवार हाय मधी."

"हाय."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तिने आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर भागाबाईने सांगितलं असतं. पण सांगायचं तेवढं ती ओसरीवर सांगून मोकळी झाली होती. त्यापुढचं खोदणं म्हणजे तिच्या शब्दावर पावती मागणं. पंचशीला सकाळच्या बसने बीदरला गेली. हैदराबादचं एक काम संपवलं. त्या फायलीचं नाव स्क्रीनवर दिसत होतं, तारखेसकट. मंगळवारी दुपारी ते दिसेनासं झालं. तिने पाहिलं, आणि डबा उघडून जेवायला बसली.

भागाबाईने बारी बदलली नाही. चिठ्ठीत निघाली होती त्याच दिवशी मशीन तिच्या रानात आली. बनीमेचा बुडाचा थर काळा निघाला होता, तो तिने मशीनला दिलाच नाही, बाजूला काढला. वरचं चांगलं होतं. धुरळा उडत होता. मशीनवरची कमळं आणि अक्षरं दोन्ही पांढरी पडली होती.

उद्धवराव दुपारच्या सुमारास बांधावर आले. खांद्यावर घडी केलेली ताडपत्री होती. ती त्यांनी खाली टाकली.

"ही घे. तुझी फाटकी हाय."

"सोयाबीन मळायलंय, आता ताडपत्री आणलीत," भागाबाई म्हणाली.

"पुढच्या साली लागंल. पुढच्या साली पुन्हा न्हाई म्हणशील."

"म्हणीन की. तुमचंच व्हय आसंल तर नक्की म्हणीन."

उद्धवरावांनी ड्रायव्हरला हाक मारून मशीन जरा सरकवायला सांगितली, भुसा वाऱ्यावर त्यांच्या तोंडावर येत होता. मग तिथेच बांधावर बसले. पंचशीलाने तांब्या भरून पाणी नेलं. ते तांब्या वर धरून प्यायले, मग थांबले, तांब्या ओठाला लावला आणि उरलेलं प्यायले.

"पोरी," ते म्हणाले, "माझ्यासारख्याची सोय करशील का न्हाई? व्हय म्हणणाऱ्याची?"

ती त्यावर विचार करतच होती. पुढच्या हंगामासाठी तिने एक बटन वाढवलं. जुळवणी मोडली, तर ज्याला आपलं उत्तर आपण होऊन उघडं करायचं असेल, त्याने करावं. पण एकट्याने नाही. एकाने उघडलं की उरलेल्यांवर संशय जातो. म्हणून तिघांनीही उघडायचं ठरवलं, तरच तिन्ही उघडतील. एक जरी नको म्हणाला, तर तिन्ही झाकलेलीच राहतील.

तिने ते आईला फोनवर दाखवलं. भागाबाईने चष्मा लावून पाहिलं.

"म्हंजे उघडं करायलाबी सगळ्यांचं व्हय पायजे?"

"व्हय."

"आन त्यालाबी कुनी न्हाई म्हणलं तर?"

"तर कुणी म्हणलं ते कळणार न्हाई."

भागाबाईने फोन परत दिला. "बरं हाय," म्हणाली, आणि काळ्या दाण्यांचं सूप पुढे ओढलं. कोंबड्यांना ते चालत होतं.